उपासना झाल्यावर टेबल टाकून बसायचं असेल तर

हे रेल्वेतून रिटायर झाले, मी शाळेतून. गेली चार वर्षं दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही दोघं टेबल टाकून बसतो, काम शोधणाऱ्यांसाठी. नागपुरातल्याच दुसऱ्या मंडळीतली दोन-तीन जोडपी विचारून राहिली की आम्हालाही सुरू करायचंय, कसं करता, म्हणून लिहून काढते.

सामान म्हणाल तर एक जाड लाँगबुक, दोन पेन, जास्तीच्या चार खुर्च्या. पाळकसाहेबांना सूचनांमध्ये एवढंच सांगायला लावा की काम पाहिजे असेल तर मागे या आणि तुमच्या ऑफिसात, दुकानात, दवाखान्यात जागा निघाली तर तेही सांगा. ही दुसरी सूचना लोक विसरतात, पण आमच्याकडची निम्मी कामं तिथूनच निघाली, मंडळीतल्याच कोणाच्या तरी ओळखीनं. आणि येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, "चर्चला येत जा" असंही म्हणायचं नाही. गरजेत असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तेव्हा विचारूच नये.

आता मुख्य गोष्ट. "तुला काय येतं?" असं कधी विचारू नका, कारण उत्तर येतं "काही नाही". "आजपर्यंत काय काय केलं?" असं विचारा आणि गप्प बसा. एक ताई आल्या, चाळिशीच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या, म्हणे मी घरीच असते. अर्ध्या तासानं कळलं की नवरा आजारी होता तेव्हा त्यांनी सहा वर्षं एका होस्टेलची मेस सांभाळली, साठ पोरींचं दोन वेळचं जेवण, किराण्याचा हिशोब, दोन मदतनीस बायांचे पगार. मी हे सगळं वहीत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे माझंच आहे?" बायोडाटा त्या पानावरून बनवला, एकाच पानाचा. बायकांशी मी बोलते, पोट्ट्यांशी हे बोलतात, जोडप्यानं बसायचा हाच मोठा फायदा.

मग नाव नोंदवा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयं आहे, दोन्ही फुकट. आयटीआय झालेल्या पोराला अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम, नक्की सुचवा, स्टायपेंड कमी असतो पण हातात सर्टिफिकेट येतं.

जागा सापडली की आधी जायचं-यायचं बघा, पगार नंतर. हिंगणा एमआयडीसीसाठी लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, मिहानमधल्या कंपन्यांसाठी खापरीपर्यंत, पण बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटर, तिथं कंपनीची बस कुठून निघते आणि रात्रपाळीनंतर सोडते का हे पहिल्याच फोनवर विचारायचं.

पगाराचा हिशोब कागदावर करून दाखवा, घरच्यांसमोर. समजा १५,००० सांगितले आणि बेसिक १२,००० आहे, तर बेसिकच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,४४० जातात, ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, पूर्ण १५,००० वर पाऊण टक्का म्हणजे ११३, पुरुष असेल तर व्यवसाय कर २००, हातात येतात १३,२४७. बाईचा पगार २५,००० पर्यंत असेल तर व्यवसाय कर लागत नाही. हे आधी नाही सांगितलं तर पहिल्याच महिन्यात पोरगा म्हणतो कंपनीनं फसवलं आणि काम सोडून येतो.

खरी फसवणूक वेगळीच असते. आमच्याकडच्या एका पोरानं आम्हाला न विचारता एका एजंटला रजिस्ट्रेशनचे म्हणून ८,००० दिले, आईची बांगडी मोडून, काम मिळालं नाही आणि फोनही बंद. तेव्हापासून वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, येणाऱ्याला मी तेच वाचायला लावते: नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत, ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, ओटीपी सांगायचा नाही.

काम लागलं म्हणून नाव खोडू नका. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन करा, मग आठवड्यानं, मग पगाराच्या तारखेला. सगळ्यात जास्त लोक पहिला पगार व्हायच्या आधीच सोडतात, कारण दहा तारखेला लागलेल्याच्या हातात पैसे यायला पुढच्या महिन्याची सात तारीख उजाडते, आणि तोपर्यंत रोजचं भाडं आणि डबा कुठून आणायचा? आम्ही महिला मंडळाशी बोलून तेवढ्या दिवसांचं भाडं उसनं द्यायची सोय केली, पहिल्या पगारातून परत, व्याज नाही. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे, सुरुवातीपासूनच तो आखून ठेवा.