तीन गोळ्यांचं यंत्र आणि ‘खोल श्वास घ्या’ : धाप लागणाऱ्यांनी या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांमध्ये व्यायाम शिकवायला गेलं की फ्रिजवर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर एक प्लास्टिकचं यंत्र हमखास दिसतं. तीन नळ्या, तीन रंगीत गोळे. कोणाच्या बायपासच्या वेळचं, कोणाचं कोरोनातलं. घरात कोणालाही दम लागला की ते खाली उतरतं आणि पुढचा माणूस त्यात फुंकायला लागतो.

फुंकून गोळे हलत नाहीत. मग जावईबापू सुचवतात, ‘काका, उलटं धरा.’ उलटं धरल्यावर गोळे उडतात आणि घरभर समाधान पसरतं. पण ते यंत्र मुळात हवा आत ओढण्यासाठी आहे. ताठ बसायचं, आधी श्वास सोडून द्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सावकाश ओढायचं. दुसरी चूक म्हणजे झटका मारून तिन्ही गोळे वर आदळवणं. नळ्यांवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे असतात, ताकदीचे नाहीत. एक-दोन गोळे वर जाऊन दोन-तीन सेकंद तिथेच राहिले तर ते काम जास्त चांगलं झालं. आणि सासऱ्यांनी वापरलेली नळी सुनेनं तोंडात धरू नये, एवढं तरी पाळा.

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र ऑपरेशननंतर फुप्फुसाचे मिटलेले भाग उघडायला मदत व्हावी म्हणून देतात. त्यानं श्वासाचा स्नायू फारसा बळकट होत नाही, कारण ओढताना अडथळा जवळपास नसतो. स्नायूला ताकद हवी असेल तर स्प्रिंगच्या झडपेचं वेगळं उपकरण येतं. ठरलेला दाब लावल्याशिवाय त्याची झडप उघडत नाही. रुग्ण पूर्ण जोरानं हवा ओढून जेवढा दाब आणू शकतो, त्याच्या साधारण ३० टक्के हा दाब सुरुवातीला ठेवतात आणि व्यायाम काही आठवडे नियमानं करावा लागतो. सोडला की ताकदही ओसरते.

धाप लागलेल्याला ‘खोल श्वास घ्या’ सांगणं

ही चूक सगळ्यात प्रेमानं केली जाते. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. निरोगी माणसात ते छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाकार असतं. ते आकसून खाली जातं, तेव्हा हवा आत येते. शांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला वेगळे कष्ट पडत नाहीत, फुप्फुस आपोआप आत येतं. सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाण्याच्या जुनाट आजारात, तसं होत नाही. वर्षानुवर्षांच्या विडीनं किंवा चुलीच्या धुरानं बारीक नळ्या अरुंद झालेल्या असतात आणि एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब झाल्या असतील, तर फुप्फुसाची लवचीकताही गेलेली असते. हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो. छाती फुगलेलीच राहते आणि घुमट सपाट होतो. जुम्मादादा व्यायामशाळेतल्या एखाद्या पैलवानाला कोपर आधीच पूर्ण मिटायला लावून ‘आता डंबेल उचल’ म्हटलं, तर दंडात बळ असून तो काय करणार? या श्वासपटलाची तीच गत असते.

अशा वेळी आजोबांना आणखी हवा भरायला लावलं तर ती आत अडकते आणि धाप वाढते. त्यांना सोडायला शिकवा. नाकानं साधा श्वास, मग ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सावकाश बाहेर, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून. जोर लावून फुंकायचं नाही. पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकवून बसले असतील तर बसू द्या. हात टेकल्यानं मान-खांद्याचे स्नायू छाती उचलायला मोकळे होतात आणि पोटाचा दाब श्वासपटलाला वर सरकवतो. ‘जरा आडवे व्हा, बरं वाटेल’ हा सल्ला कृपया देऊ नका.

याच कारणानं दोरीवर कपडे वाळत घालताना काकूंना स्वयंपाकापेक्षा जास्त दम लागतो. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू हातांच्याच कामाला लागतात. बसून, खालच्या स्टँडवर कपडे घाला. जुन्या वाड्याचा लाकडी जिना चढताना श्वास रोखू नका. पाऊल वर टाकताना सोडा.

सगळ्यांना एकच व्यायाम

कमाटीबागेत सकाळी कपालभाती करणारे घोळके असतात. निरोगी माणसानं जरूर करावं, पण सीओपीडी बळावलेल्या शेजाऱ्याला आग्रहानं ओढून नेऊ नये. पोटानं श्वास घेण्याचंही तसंच. छाती फार फुगलेल्या काही रुग्णांत त्यानं श्वासाचे कष्ट वाढतात. करून दम वाढला तर सोडून द्यायचं, त्यात हट्ट नको. खरा फायदा चालण्यानं आणि पायांच्या व्यायामानं होतो. तो नीट चालू असेल तर स्प्रिंगच्या उपकरणानं चालण्यात फारशी भर पडत नाही, असं माझं मत आहे आणि अभ्यासांचा कलही तिकडेच आहे. महागडं उपकरण घेण्याआधी बूट घ्या.

आकडा बघून घाबरणं

श्वासाच्या स्नायूंची चाचणी तोंडानं दाब मोजून होते. आकडा कमी आला की घरचे हादरतात. आधी हे विचारा: श्वास पूर्ण सोडून मग ओढला होता का? ओठांच्या कडेनं हवा गळली का? नुसते गाल तर ओढले नाहीत? एकदाच करून उठलात का? आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत ही चाचणी पुन्हापुन्हा करावी लागते, आणि सगळं करणाऱ्याच्या जोरावर असतं. आत ओढण्याचा दाब ८० सेंटिमीटर पाण्याइतका आला तर त्या स्नायूंत मोठा अशक्तपणा नाही, असं धरतात. कमी आला तर मात्र लगेच निष्कर्ष काढता येत नाही. फुगलेल्या छातीतही तो कमी येतो. तेव्हा नाकानं जोरात हुंगायची दुसरी चाचणी करून बघतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून यातलं काहीच कळत नाही, आणि श्वास किती सेकंद रोखता येतो यावरूनही नाही.

उताणं झोपताक्षणी दम लागणं, श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जाणं, सकाळी डोकं जड होऊन दुखणं, दिवसभर पेंग येणं, यातलं काही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवून छातीच्या डॉक्टरांकडे जा. सीओपीडीच्या रुग्णाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्याचा काटा स्वतःच्या मनानं वाढवू नका. अशा बऱ्याच रुग्णांसाठी डॉक्टर रक्तातल्या ऑक्सिजनचं ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात. त्याहून वर नेलं तर कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जाऊ शकतो. आणि नुकतीच फुप्फुसातून हवा गळून छातीत साठली असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर स्प्रिंगचं उपकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका.