लाइफ कोचने टाळायच्या चुका : ‘तुम्हीच म्हणाला होतात’ हे ऐकावे लागू नये म्हणून

आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचे क्लास आठवतात. त्यामुळे लाइफ कोचकडे, म्हणजे प्रश्न विचारून स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला मदत करणाऱ्याकडे, येणारा माणूसही पुष्कळदा ‘काय करू ते सांगा’ अशाच तयारीने येतो आणि नवखा कोच नकळत सरांच्या भूमिकेत शिरतो.

माझ्याही हातून हेच झाले. बँकेतील एक अधिकारी बढतीवर परगावी जावे की नाही, या पेचात होते. मुलगी दहावीत होती. तिसऱ्याच सत्रात मी बोलून गेलो, “तुमच्या जागी मी असतो, तर बढती नाकारली असती.” त्यांनी ती नाकारली आणि चार महिन्यांनी, हाताखालचा सहकारी वर गेल्यावर, ते मला म्हणाले, “सर, तुम्हीच म्हणाला होतात.” निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्नच उरला नव्हता, कारण तो त्यांचा राहिलेला नव्हता. ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांच्यामुळे सर्वत्र पोहोचलेल्या ‘ग्रो’ या कोचिंगच्या पद्धतीत उद्दिष्ट, सद्यःस्थिती, पर्याय आणि निर्धार असा क्रम असतो. मी मात्र सद्यःस्थिती पुरती न पाहताच पर्याय निवडून मोकळा झालो होतो. घरी या विषयावर नेमके काय बोलणे झाले आहे, एवढेही मी विचारले नव्हते. सत्रात आपणच अधिक बोलत आहोत असे जाणवले, तर घसरण सुरू झाली असे समजावे. सल्ला दिला गेलाच असेल, तर पुढच्या भेटीत आरंभीच ‘तो माझा कल होता, आता तुमचे म्हणणे ऐकू’ असे स्पष्ट सांगून विषय पुन्हा उघडावा.

याहून गंभीर चूक म्हणजे उपचाराच्या प्रांतात शिरणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगण्याविषयीच निराशेचे उद्गार निघत असतील, तर ध्येयांचे तक्ते बाजूला ठेवून त्या व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला गेला, तर तिला एकटे न सोडता घरच्यांना सोबत घ्यावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी असावा. आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तर लाइफ कोचसाठी अशी कायदेशीर नोंदणीच नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत. त्यांतील पहिल्या पातळीसाठी प्रशिक्षणाखेरीज प्रत्यक्ष कोचिंगचे किमान १०० तास लागतात. हे प्रमाणपत्र मिळाले म्हणून नैराश्यावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, हे फलकावर आणि जाहिरातीत दोन्हीकडे स्पष्ट दिसले पाहिजे.

पैसे एकाने भरायचे आणि सत्राला दुसऱ्याने बसायचे, अशा वेळी गोपनीयतेचा घोळ हमखास होतो. कंपनीचा मनुष्यबळ विभाग ‘काय म्हणतोय तो?’ असे सहज विचारतो, आणि आईवडील तर तो आपला हक्कच मानतात. त्यामुळे किती सत्रे झाली एवढेच कळवायचे की आणखी काही, हे पहिल्या भेटीपूर्वी तिघांच्या संमतीने लिहून घ्यावे. फोनवर दिलेला शब्द महिनाभरात ज्याला जसा सोयीचा तसा आठवतो.

‘९० दिवसांत आयुष्य बदला’ अशी हमी देण्याविषयी काही लिहिण्याची गरज नसावी.

शेवटची चूक अधिक सभ्य दिसते, म्हणून ती लवकर पकडली जात नाही. प्रत्येक लहानसहान निर्णयाआधी क्लायंटचा संदेश येऊ लागतो, कोचलाही ते सुखावते आणि कामाची मुदत लांबत जाते. सत्रांची संख्या आधीच ठरवावी आणि मध्यावर ‘हा प्रश्न माझ्याशिवाय कसा सोडवाल?’ असे विचारावे. ‘पुढच्या महिन्यात नाही आलो तर चालेल का?’ असे क्लायंटने विचारले, तर नव्या पॅकेजचा कागद पुढे न सरकवता ‘चालेल’ म्हणावे.