घर विकून आरव्हीत राहायला जाण्याआधी: वजन करा

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असेल आणि घर विकून कायमचं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचा बेत पक्का झाला असेल, तर ट्रेलरच्या (पिकअपने मागे ओढायच्या आरव्हीच्या) दाराजवळचं स्टिकर आजच वाचा. सामानाचं वजन किती पौंडांच्या वर जाता कामा नये, हे त्यावर छापलेलं असतं. आम्ही ते वाचलं नाही. तीन महिने हौसेने ट्रेलर भरला आणि निघाल्याच्या चौथ्या दिवशी, टेक्ससमध्ये इंटरस्टेट १० वर, उजवीकडचा मागचा टायर फुटला. रबराच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा फाडला, खालच्या वायरी तोडल्या. मागून त्या वेळी कोणी येत नव्हतं, म्हणून एवढ्यावरच निभावलं. नंतर ट्रेलर एका ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर नेला, तर मर्यादेपेक्षा सहाशे पौंड जास्त.

आमच्या स्टिकरवर १,५०० पौंड होते. भरपूर वाटतात ना? पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा. पन्नास गॅलनची टाकी भरली की चारशेहून जास्त पौंड तिथेच संपले. मग जास्तीची बॅटरी, हत्यारांची पेटी, स्टीलचे डबे, दोन कुकर, बिडाचा तवा, आणि पुस्तकं. पुस्तकांची खोकी एकेक करून बाथरूमच्या काट्यावर ठेवा, मग कळेल.

काटा शोधायला लांब जावं लागत नाही. हायवेवरच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा, असतो. सगळं सामान भरून, पाणी भरून जा. एकदा ट्रेलर जोडून वजन करा, एकदा सोडून नुसत्या पिकअपचं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ट्रेलरचं खरं वजन. जोडल्यावर पिकअपच्या चाकांवर जे वाढलं, तो ट्रेलरच्या तोंडाचा भार. साधारणपणे तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. कमी असला तर ट्रेलर मागून झुलायला लागतो. हा भार पिकअपच्या स्वतःच्या मर्यादेतही धरायचा, आणि तुम्ही दोघं बसता तेही वजनच. 'एवढी मोठी पिकअप आहे, ओढेल की' असं विकणारा म्हणेल. ओढेल, पण टायर किती झेलतील ते तो सांगत नाही.

टायर बघताना त्यांचं वयही बघा. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. वरची नक्षी नवीकोरी दिसली तरी आतलं रबर म्हातारं झालेलं असू शकतं. हवेचा दाब रोज सकाळी, टायर थंड असताना.

आता कागदपत्रं. घर विकलं की कायमचा पत्ता कुठला, हे आधी ठरवा. साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा बरेच जण निवडतात. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पण ६५ च्या आत असाल तर आरोग्यविमा त्या पत्त्याला बांधलेला असतो, म्हणून आधी विमा बघा, मग राज्य. ६५ ला मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, देशभर चालतं. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर अॅडव्हांटेजच्या बऱ्याच योजना ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, फिरत्या माणसाला त्या अडचणीच्या. मेडिकेअरच्या नोंदणीसाठी सात महिने मिळतात: पासष्टीचा महिना, आधीचे तीन, नंतरचे तीन. नोकरीचा विमा नसताना ही मुदत चुकवलीत तर पार्ट बी चा (मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) दंड हप्त्यात कायमचा भरत बसाल.

गाडीचा विमा घेताना 'आम्ही यातच राहतो' हे स्पष्ट सांगा. साधी पॉलिसी सुट्टीत फिरणाऱ्यांसाठी असते.

विकत घेण्याआधी दोन आठवडे भाड्याने घेऊन राहा, त्यातला एक तरी पावसाचा. एवढ्याशा जागेत दोघांनी दिवसभर कसं वावरायचं, ते तेव्हाच कळतं.

घर रिकामं करताना मुलांना विचारून झालं की थांबू नका, देऊन टाका. भाड्याचं गोदाम घेऊ नका. सोबत एवढं हवंच: सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा), पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर (नळाचा दाब कमी करणारा), सांडपाण्याची नळी, हातमोजे, औषधांची यादी, चष्म्याची जादा जोडी. थंडीत पाण्याचा पाइप गोठतो, गरम होणारा घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी, शेवटची पिशवी आत गेल्यावर, परत काट्यावर जा. आकडा जास्त आला तर तिथेच उतरवा, 'पुढे बघू' म्हणू नका. आम्ही पुस्तकांची चार खोकी नंतर त्याच ट्रकस्टॉपवरून मुलीकडे कुरियरने पाठवली.