लेबर रूममधलं माझं पहिलं ऑडिट

नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मी बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, डॉक्टर म्हणून रुजू झाले. पहिल्याच महिन्यात मॅडम म्हणाल्या, "बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर ऑडिट कर." म्हणजे दिलेले उपचार ठरलेल्या निकषाशी ताडून पाहायचे. मी हुरळून चाळीस प्रश्नांचा फॉर्म केला, पन्नास केसपेपर काढले आणि तिसऱ्या दिवशी वैतागून बसले.

तुम्ही असं करू नका. एकच प्रश्न घ्या, उत्तर हो किंवा नाही असं येणारा. मी शेवटी एवढंच धरलं: बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला १० युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव रोखणारं औषध) स्नायूत दिलं का? निकष मनाचा नको. जागतिक आरोग्य संघटनेचा किंवा लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०१७मध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाचा घेतला की वाद मिटतो.

कागदावर सगळं झकास होतं. बाळ १०.२०ला, इंजेक्शन १०.२१ला. दुसरं ३.०५, तर ३.०६. इतकी शिस्त पंचवटी एक्सप्रेसलाही जमत नाही! म्हणून रात्रपाळीला जाऊन बसले. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, नाहीतर त्याचा जोर हळूहळू उतरतो. इथे त्याच्या काचेच्या कुप्या (अँप्युल) खिडकीशेजारच्या ट्रेमध्ये, तेही मे महिन्यात. फ्रिज स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली पाचलाच घरी गेलेली. सिस्टर म्हणाल्या, "बाई मोकळी होताना किल्ली शोधू का तिला धरू?" वेळाही सगळं आवरल्यावर एकदम लिहिल्या जायच्या.

ऑडिटवर चर्चा करायच्या बैठकीत मी कोणाचं नाव घेतलं नाही, पण "रात्रपाळीत" असं बोलून गेले. तिथे रात्रपाळी कोणाची असते हे शिपायालाही ठाऊक. दोघी सिस्टर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आधी त्यांच्यासोबत चहा प्यायला हवा होता.

काय चुकलं यावरच्या अशा चर्चेला हलक्यात घेऊ नका. सेनेगल आणि मालीतल्या ४६ रुग्णालयांचा अभ्यास २०१३मध्ये आला. जिथे प्रशिक्षणासोबत प्रत्येक मातामृत्यूची अशी चर्चा झाली, तिथे रुग्णालयातले मातामृत्यू इतर ठिकाणांपेक्षा जास्त घटले.

आम्ही एक छोटा फ्रिज लेबर रूममध्येच आणला आणि भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. तीन महिन्यांनी पुन्हा पन्नास केसपेपर काढले. ही दुसरी फेरी बहुतेक जण विसरतात. या वेळी रकान्यात एक मिनिट, तीन मिनिटं, एके ठिकाणी तर सात. टक्केवारी पहिल्यापेक्षा वाईट दिसत होती. मॅडमना ती तशीच दाखवली.