शाळेत दोन डबे ठेवूनही कचरा एकच का होतो? प्राथमिक शाळांनी या चुका टाळाव्यात

हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्या कचऱ्याचा, हे आता नागपुरातले दुसरीतले मूलही सांगते. तरीही शाळेतील वर्गीकरणाचा उपक्रम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थंडावतो आणि त्याचे कारण बहुधा मुलांमध्ये नसून शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात असते. दोन्ही डबे एकाच पोत्यात रिकामे होताना चौथीतल्या एखाद्या मुलीने एकदा पाहिले, की तिच्या लेखी पुस्तकातला सगळा धडा खोटा ठरतो. म्हणून डबे विकत घेण्यापूर्वी प्रत्येक डब्यातील कचरा पुढे कोठे जाणार, हे ठरवावे आणि सफाई करणाऱ्या मावशींना त्या बैठकीत पहिल्या दिवसापासून बसवावे. ओला कचरा शाळेच्याच खड्ड्यात जिरवावा. सुका कचरा रोज घंटागाडीत टाकण्याची गरज नाही, तो कोरड्या खोलीत पोत्यांत साठवून पंधरा दिवसांनी कबाडीला देता येतो. दर शनिवारी तिसरी-चौथीच्या मुलांनी रद्दी तोलून फळ्यावर वजन लिहिले, तर ग्रॅम-किलोग्रॅमचा पाठही त्यातच होतो.

दुसरी चूक दिनदर्शिकेची आहे. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे त्या दिवशीचे कार्यक्रम रिकाम्या वर्गांसमोर किंवा केवळ छायाचित्रापुरते होतात. शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा यासाठी अधिक उपयोगी ठरतो, कारण नव्या वह्यांची वेष्टने आणि जुन्या वह्यांची कोरी पाने त्याच वेळी हाताशी असतात.

‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शनाविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. प्रदर्शनासाठी नवी बाटली विकत आणून ती कापणे, त्यावर थर्माकोल आणि चमकी चिकटवणे, हा पुनर्वापर नव्हे. चमकी आणि डिंक लागलेला पुठ्ठा कबाडीही सहसा घेत नाही, म्हणजे लगद्यात जाऊ शकणारी वस्तू आपणच निकामी केलेली असते. पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांतील फरक मुलांना याच ठिकाणी कळायला हवा: पाठकोऱ्या कागदांची वही शिवणे हा पुनर्वापर, तर त्या कागदाचा लगदा होऊन नवा कागद तयार होणे हे पुनर्चक्रीकरण.

सर्वाधिक तक्रारी खताच्या खड्ड्याच्या असतात. दुर्गंधी येत असेल, तर खड्ड्यात ओलावा जास्त आणि हवा कमी आहे, असे समजावे. उरलेली खिचडी एकदम ओतल्यावर हेच होते. खिचडी थोडी-थोडी टाकून तिच्यावर दुप्पट-तिप्पट वाळलेली पाने पसरावीत आणि आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. चिलटे झाली, तर वरचा पानांचा थर वाढवावा. मुंग्या झाल्या, तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडावे. मूठभर खत दाबल्यावर पाणी गळू नये, पण हात ओलसर व्हावा, ही कसोटी मुलेही करू शकतात. अडचण अशी, की पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि ती लागतात पावसाळ्यात. ती जाळून टाकण्याऐवजी पोत्यांत भरून ठेवणारी शाळा जुलैत निश्चिंत असते. संत्र्याच्या हंगामात डब्यांतून साली येतातच. त्या बारीक तुकडे करून मोजक्याच टाकाव्यात, गांडुळांच्या खड्ड्यात तर जवळजवळ नकोतच. गांडूळखताचा मोह नागपुरात जपूनच करावा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, शाळा बंद असते आणि पाणी शिंपडायला कोणी नसते. गांडुळे ठेवायचीच असतील, तर खड्डा दाट सावलीत असावा आणि सुट्टीतील पाण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी.

सुक्या कचऱ्यात वेफर्सची पाकिटे आणि रसाची खोकी सर्वाधिक फसवतात. खोके कागदाचे दिसते, पण त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचेही थर असतात, म्हणून ते रद्दीत टाकू नये. सेल, फुटकी काच आणि जखमेवरच्या पट्ट्या यांना मुलांनी हात लावू नये. त्यांचा वेगळा झाकणबंद डबा शिक्षकांच्या खोलीत असावा.

‘नीरी’सारखी पर्यावरण संशोधन संस्था शहरातच असल्याने तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवण्याकडे कल असतो. तिसरीच्या वर्गासाठी मात्र नेहमीच्या कबाडीला अर्धा तास बोलवावे: कोणती बाटली किती भावाने जाते आणि ओला कागद तो का नाकारतो, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

शेवटची चूक कुंपणाबाहेरची. स्वच्छता मोहिमेत मुलांना खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, पन्न्या उचलायला लावल्या जातात. त्यांना तंबाखू आणि थुंकी लागलेली असते, म्हणून त्या मोठ्यांनीच हातमोजे घालून उचलाव्यात. मुलांनी दुरून केवळ मोजणी करावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा त्या मोजणीचा तक्ता मुख्याध्यापकांच्या तक्रार अर्जाला जोडता येतो.