नैतिकता आणि नीतिशास्त्र: या चुका टाळा

‘नैतिकता वैयक्तिक, एथिक्स (म्हणजे नीतिशास्त्र) सामाजिक.’ तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हे सूत्र हमखास असतं. पाठ करायला सोपं, म्हणून पसरलंही खूप. पण रूढ नैतिकता आपल्या जन्माआधीपासून समाजात असते, ती निव्वळ वैयक्तिक कशी म्हणायची? तत्त्वज्ञानात सर्वसाधारणपणे वेगळाच भेद धरतात. माणसं ज्या मूल्यांवर आणि नियमांवर जगतात ती नैतिकता, आणि त्या मूल्यांना आधार काय, याची चिकित्सा म्हणजे नीतिशास्त्र.

या सूत्रामुळे किती गोंधळ होतो ते वकिलाच्या उदाहरणात दिसतं. अशिलाने खासगीत गुन्हा कबूल केला आणि वकील गप्प राहिला. यावर झटकन उत्तर येतं, ‘नैतिकदृष्ट्या चूक, पण एथिक्सप्रमाणे बरोबर.’ इथे विचार थांबतो, आणि खरं तर सुरू इथेच व्हायला हवा. गुप्ततेचा नियम कशासाठी आहे? अशिलाला वकिलाशी मोकळेपणाने बोलता आलं नाही, तर बचावाचा हक्क पोकळ ठरतो. हे कारण नैतिकच आहे! म्हणजे झगडा पीडितांना न्याय मिळवून देणं आणि आरोपीचा हक्क जपणं या दोन नैतिक दाव्यांमधला आहे. त्यांचं वजन कसं ठरवायचं, हा नीतिशास्त्राचा प्रश्न. आचारसंहिता एखाद्या पेशाने घालून दिलेली असते; तिलाच नीतिशास्त्र समजलं, की ती संहिता योग्य आहे का, हे विचारायला जागाच उरत नाही.

भेद सांगताना तो कोणाचा, हे न सांगणं ही दुसरी चूक. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८२१ साली व्यक्तीच्या सदसद्विवेकाची नीती आणि कुटुंब, नागरी समाज, राज्य यांतून जगली जाणारी नीती वेगळी केली. वरच्या सूत्रात त्याची पुसट छाया आहे, पण त्याचा युक्तिवाद मात्र गायब आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९८५ मध्ये रेघ दुसरीकडेच ओढली. ‘कसं जगावं?’ हा व्यापक प्रश्न म्हणजे एथिक्स. कर्तव्य आणि दोष यांभोवती फिरणारी नैतिकता हा त्यातला एक अरुंद कोपरा. अनेक तत्त्वज्ञ तर दोन्ही शब्द समानार्थी वापरतात. त्यामुळे निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात आपण कोणता अर्थ घेतोय ते लिहून टाका.

‘त्या समाजात हे योग्य मानतात’ हे वर्णन झालं. त्यावरून ‘म्हणून ते योग्यच’ असं लिहू नका. ‘आहे’वरून ‘असावं’कडे नकळत घसरणाऱ्या लेखकांना स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच हटकलं होतं.

एखादं वाक्य नैतिकतेचं की नीतिशास्त्राचं हे कळेना, तर ते काय करतंय ते पाहा. ‘खोटं बोलू नये’ हा नैतिक नियम. ‘खुनी दारात उभा राहून मित्राचा पत्ता विचारत असेल, तरीही?’ असं विचारलं की नीतिशास्त्र सुरू झालं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये याचं उत्तर ‘हो, तरीही’ असं दिलं, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.