मुक्त स्रोत प्रकल्पात येताना आधी त्याचा इतिहास वाचावा

मुक्त स्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पात, काम करू पाहणाऱ्या नवोदितांना माझा आग्रह असतो की, पहिला पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) लिहिण्यापूर्वी त्यांनी प्रकल्पाचा इतिहास वाचावा. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनात ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली की प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदलली ते दिसते, आणि त्या कमिटचा संदेश नीट लिहिलेला असेल तर बदलामागचे कारणही कळते. वरवर निरुपयोगी वाटणारी एखादी अट अनेकदा जुन्या बगवरचा उपाय असते, हे मला अशा वाचनातूनच उमगले.

प्रत्येक प्रकल्पाच्या वाढीला स्वतःची लय असते. लिनक्स कर्नेलची, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याची, नवी आवृत्ती साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातील पहिल्या दोन आठवड्यांच्या ‘मर्ज विंडो’त नव्या सुविधा सामील होतात आणि उरलेला काळ मुख्यतः दुरुस्त्यांसाठी राखलेला असतो. त्यामुळे पॅच लगेच स्वीकारला गेला नाही, तर तो नाकारला गेला असे समजू नये.

फोर्ककडेही, म्हणजे मूळ कोड घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करण्याकडेही, केवळ भांडण म्हणून पाहू नये. जीसीसी या कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) विकासाची गती आणि बंदिस्त पद्धत यांविषयी असमाधान वाढल्यावर १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ हा फोर्क निघाला, आणि त्याचे काम इतके सरस ठरले की १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. माझ्या मते, फुटलेली वाट पुन्हा मूळ प्रकल्पाला मिळाल्याचे याहून चांगले उदाहरण नाही. मोठ्या बदलाची किंमत मात्र फार असते: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची २००८ मध्ये आलेली ‘पायथन ३’ ही आवृत्ती जुन्या कोडशी पूर्णपणे सुसंगत नव्हती, म्हणून पायथन २ चा आधार थेट १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवावा लागला.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते देखभालीचे काम. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या संकोचन-साधनात मागील दार (गुपचूप शिरकाव करू देणारा छुपा कोड) आढळले. थकलेल्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास दीर्घकाळ मदत करून संपादन केलेल्या सहयोगकर्त्यानेच ते घुसवले होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने, नवी सुविधा सुचवण्यापेक्षा, नोंदवलेले बग आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहण्यात आणि इतरांचे पॅच ओळ न ओळ तपासण्यात घालवावेत. मेंटेनरला याच मदतीची सर्वाधिक गरज असते.